नमुन्यादाखल एक लॅपटॉप

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलंय असा निरोप आला की माणसाचे आधी पाय जड होतात आणि मग बाकीचा माणूस. मोजपट्टींचंही तसंच झालं. टेबलापासून केबिनच्या दारापर्यंत जाताना त्यांनी अलीकडच्या आपल्या सगळ्या गुन्ह्यांची मनातल्या मनात उजळणी केली. स्क्रूची पेटी परत पाठवली होती, कारण त्यातले स्क्रू केसभर आखूड होते. जिन्यातल्या नव्या कठड्याबद्दल त्यांनी लेखी हरकत घेतली होती. आणि संचालकांच्या निरोपसमारंभाला आलेला केक त्यांनी ऑर्डरप्रमाणे आहे का ते मोजून पाहिला होता. तो कमी भरला होता, ही गोष्ट वेगळी. पण संचालक सुरी हातात धरून ताटकळत उभे होते.

मोजपट्टी हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. शिड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात ते नोकरी करत, आणि आलेला माल स्वतः मोजल्याशिवाय कशावरही सही करत नसत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाच्याच लक्षात नव्हतं. पण "मोजपट्टी आले का?" असं खुद्द शिपाईही विचारायचा, आणि मोजपट्टी निमूटपणे "आलो" म्हणायचे.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "विक्रीच्या आपल्या सगळ्या लोकांना नवे लॅपटॉप द्यायचेत. हे मॉडेल हवं तसं बनवून मिळतं म्हणे. स्क्रीन, मेमरी, बॅटरी, कीबोर्ड, सगळं आपण निवडायचं. आधी नमुन्यादाखल एक परतीच्या बोलीवर मागवू. काय काय हवं ते तुम्ही ठरवा, घरी न्या, वापरून बघा आणि मला अहवाल द्या. रचना कशी आहे, कामगिरी कशी आहे."

"मी?"

"तुम्हीच."

त्या 'च'ला काय वजन होतं! मोजपट्टी तो 'च' खिशात घालावा तसा जपून घरी घेऊन गेले. इतकी वर्षं स्क्रू आणि रबरी बूच मोजण्यात गेली. आता कुठे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की या माणसाला नजर आहे.

घरी बायको शिलाई मशीनवर कोणाच्या तरी पॅन्टची कंबर सैल करत बसली होती. ती घरूनच कपड्यांच्या दुरुस्तीची कामं करायची, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या मंडळींच्या पोटांची प्रगती तिला ठाऊक असे. तिने बातमी ऐकली, दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "तुम्हाला येतो का पण लॅपटॉप?"

"प्रश्न येण्याचा नाही, मूल्यमापनाचा आहे," मोजपट्टी म्हणाले.

खिडकीजवळच्या खुर्चीत आप्पा, म्हणजे मोजपट्टींचे वडील, बसले होते. त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. आप्पांना येऊन गेलेल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर हात सावरला, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण जीभ काही सावरली नाही. आणि आप्पा म्हणजे कोण? मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारे! त्यांच्या आवाजावर माणसं धावत सुटायची, थांबायची, चुकीच्या गाडीतून उतरायची. त्या आवाजाचं आता चिखलात रुतलेलं चाक झालं होतं. आप्पा बोलायचे, समोरच्याला कळायचं नाही, आणि समोरचा माणूस चांगला असल्यामुळे "हो हो" म्हणायचा. घरातली माणसं तर त्याहून चांगली. ती आप्पांचं वाक्य आप्पांच्या आधीच पुरं करून टाकायची, आणि ते हमखास दुसरंच काहीतरी असायचं. एकदा आप्पांनी आज वार कोणता असं विचारलं, तर त्यांच्या अंगावर शाल पांघरण्यात आली. बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला एक ताई यायच्या. त्यांच्यासमोर 'पा पा पा, बा बा बा' करायला आप्पांनी साफ नकार दिला. मग ताई यायच्या बंद झाल्या आणि आप्पाही बोलायचे बंद झाले.

तर लॅपटॉप. निवड करायची होती ती विक्रेत्याच्या संकेतस्थळावर, आणि मोजपट्टी ती मोबाइलवर करत होते. बातमी एव्हाना जिन्यातून वर-खाली फिरून आली होती. वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब सगळ्यात आधी हजर झाले. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण संशय घेण्याच्या कामातून निवृत्त झाले नव्हते. समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून थेट आल्या.

संकेतस्थळाचा एक स्वभाव होता. एक गोष्ट निवडली की दुसरी आपोआप राखाडी व्हायची, म्हणजे मग ती निवडता यायची नाही. पातळ झाकण घेतलं की मोठी बॅटरी राखाडी. मोठी बॅटरी घेतली की हलकं वजन राखाडी. हलकं वजन हवं म्हटलं की मेमरी रुसायची.

"हे स्थळं बघण्यासारखंच आहे," बायको म्हणाली. "शिकलेला हवा तर उंची सोडा."

"स्क्रीन मात्र खाजगी घ्या," मॅनेजरसाहेब म्हणाले. "समोर बसलेल्यालाच दिसते. बाजूच्याला नुसता काळोख. सगळे घोटाळे बाजूने बघणाऱ्यांमुळे होतात."

"आणि कीबोर्ड पाण्याने खराब न होणारा घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्या धंद्यात पाणी उडतंच."

"मी दातांचा दवाखाना चालवत नाहीये," मोजपट्टी म्हणाले; पण घेतला.

मग बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप घेतलं. माणूस समोर आहे की नाही हे ओळखून स्क्रीन आपोआप मालवणारा डोळा घेतला. आवाजातला गोंगाट गाळणारा मायक्रोफोन घेतला, तो कशासाठी हे कोणालाच माहीत नव्हतं, पण तो राखाडी झाला नव्हता म्हणून घेतला. शेवटचं बटण दाबण्याआधी मोजपट्टींनी अंगठा तीनदा शर्टाला पुसला. लग्नात अंतरपाट दूर होतानाही त्यांनी हात एवढे पुसले नव्हते, असं बायकोने नंतर सांगितलं.

लॅपटॉप आला. मोजपट्टींनी आधी त्याचं खोकं मोजलं, मग लॅपटॉप. लांबी, रुंदी, जाडी, झाकण किती कोनापर्यंत मागे जातं. सगळं माहितीपत्रकाप्रमाणे तंतोतंत निघालं, त्यामुळे त्यांची जराशी निराशाच झाली. नंतर त्यांनी तो सुरू केला आणि जमलेल्या मंडळींनी एका आवाजात "आम्हाला काही दिसत नाहीये" असं म्हटलं. खाजगी स्क्रीन! मोजपट्टींना दिसत होतं ते इतरांच्या दृष्टीने एक काळं पाटीवजा काहीतरी होतं. मग खुर्चीवर एकेक जण बसून दर्शन घेऊन उठू लागला. मॅनेजरसाहेब सर्वांत जास्त वेळ बसले आणि उठताना म्हणाले, "खाजगीपणा उत्तम. पण मला दिसायला हवं होतं."

बोटाच्या ठशाचं कुलूप मोजपट्टींना ओळखेना. आयुष्यभर पत्र्याच्या कडांवरून बोट फिरवून त्यांचे ठसे गुळगुळीत झाले होते. यंत्र नम्रपणे लिहायचं, 'पुन्हा प्रयत्न करा.' मोजपट्टी पुन्हा प्रयत्न करायचे. शेवटी बायकोने सहज बोट ठेवलं आणि तिचा ठसा नोंदला गेला. तेव्हापासून कंपनीचं यंत्र रोज सकाळी उघडायचं म्हणजे "अगं, जरा बोट दे" अशी हाक मारावी लागे, आणि ती पिठाचं बोट पुसत यायची.

माणूस ओळखणारा डोळा तर फारच तत्पर निघाला. मोजपट्टींनी जरा मान वळवली की स्क्रीन मालवायची.

"बघा," बायको म्हणाली, "याला कळतं तुमचं लक्ष नाहीये ते. मी मात्र इतकी वर्षं अंधारातच बोलतेय."

मोजपट्टींनी निमूटपणे मान स्क्रीनकडे वळवली. पण मुलीचा परगावाहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा एक गंमत झाली. त्या खाजगी स्क्रीनवर दोघांना एकाच वेळी लेक दिसायची तर डोक्याला डोकं टेकवून बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुलगी म्हणाली, "अगं बाई, काय हे! आई-बाबा इतके जवळ?" मोजपट्टी घाईघाईने म्हणाले, "तांत्रिक कारण आहे." बायको मात्र सरकली नाही. कॉल संपला तरी तांत्रिक कारण थोडा वेळ तसंच राहिलं. अहवालात त्यांनी त्या दिवशी नोंद केली, 'स्क्रीनचा कोन अरुंद असला तरी सर्वस्वी गैरसोयीचा नाही.'

पाण्याचा प्रसंग मात्र टाळता आला असता. डॉक्टरीणबाई संध्याकाळी मॅनेजरसाहेबांसकट डोकावल्या आणि म्हणाल्या, "पाणी चालतं म्हणून लिहिलंय, पण तुम्ही पाहिलंत का टाकून? न बघता अहवाल देणार?"

मोजपट्टींच्या वर्मावर बोट होतं ते. न मोजता, न बघता त्यांनी आजवर कशावर सही केली होती? त्यांनी आप्पांच्या औषधाच्या इवल्याशा पेल्यात पाणी घेतलं.

"एवढ्याशा पाण्यात आमच्याकडे कोणी चूळसुद्धा भरत नाही," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा तांब्या उचलला आणि दाढेत पाणी सोडावं तितक्या शांतपणे कीबोर्डवर ओतला.

लॅपटॉप चालू राहिला. टाळ्या पडल्या. मॅनेजरसाहेबांनी खालून निथळणारं पाणी पाहून "निचरा चांगला आहे" असा शेरा मारला. लॅपटॉप उलटा करून वाळत घातला गेला, त्याला बायकोच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देण्यात आला, केस वाळवायच्या यंत्राने हवा देण्यात आली. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं. फक्त 'स' उमटत नव्हता.

आता वाचकहो, एका 'स'ने काय होतं असं वाटेल. पण मराठीतला सगळा शिष्टाचार त्या एका अक्षरावर उभा आहे. 'नमस्कार'चा 'नम्कार' झाला; वाटावं, लिहिणाऱ्याला सर्दी झालीय. सविनय नाही, सादर नाही, साहेब नाही, सही नाही. सेवाकेंद्राला फोन केला तर बराच वेळ पेटीवरची धून वाजली आणि मग एक आवाज म्हणाला, "तक्रार त्याच यंत्रावरून नोंदवा. चौकटीत 'समस्या' असं लिहा, म्हणजे पुढचं पान उघडेल."

मोजपट्टींनी चौकटीत 'समस्या' असं लिहिलं. दोन्ही 'स' गळाले. स्क्रीनवर उमटलं, 'म्या'.

उत्तर लगेच आलं. 'प्रिय ग्राहक, म्या या प्रकारातील सेवा सध्या उपलब्ध नाही.'

"म्या मेलो," मोजपट्टी म्हणाले.

ऑफिसात संगणकांची देखभाल करणारा एक तरुण होता. त्याच्या गळ्यात कायम वायरीचं वेटोळं असायचं, म्हणून त्याला सगळे केबलवाला म्हणत. त्याने सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि म्हणाला, "काका, अहवालापुरतं बोलून लिहा ना. मायक्रोफोनचं बटण दाबायचं आणि बोलायचं. तो लिहीत जातो. त्याला 'स' आपोआप येतो."

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी मोजपट्टी टेबलाशी ताठ बसले, घसा साफ केला आणि निवडणुकीला उभं राहिल्यासारख्या आवाजात बोलू लागले, "यंत्राची बाह्य रचना सुबक असून..." यंत्र इमानदारीने लिहीत होतं. 'स'सकट. मोजपट्टींचा ऊर भरून आला. पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करायला ते थांबले आणि त्या शांततेत खिडकीजवळून आप्पांचा अस्पष्ट आवाज आला. फार दिवसांनी. बहुधा घसा कोरडा पडला होता.

बायको मोजपट्टींच्या मागेच उभी होती. तिने स्क्रीनवर वाचलं, "राणी दे."

"काय?"

"इथे लिहिलंय. 'यंत्राची बाह्य रचना सुबक असून राणी दे.'"

मोजपट्टी आणि बायको, दोघांनीही आप्पांकडे पाहिलं. "आप्पा, पाणी म्हणालात का?" बायकोने विचारलं आणि पेला भरून दिला. पण आप्पांचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. त्यांनी बोटाने लॅपटॉपकडे खूण केली. त्यांना बघायचं होतं. मोजपट्टींनी लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर ठेवला. आप्पांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांच्या छातीतून एक विचित्र घरघर निघाली. मोजपट्टी घाबरून डॉक्टरीणबाईंना हाक मारणार होते, तेवढ्यात बायकोने त्यांचा हात धरला.

"अहो, हसताहेत ते."

आप्पा हसत होते. राणी मागण्याच्या आरोपावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग स्क्रीनकडे तोंड नेऊन पुन्हा म्हणाले. यंत्राने लिहिलं, 'नाणी.' आप्पांनी भुवया आक्रसल्या. पुन्हा. 'फणी.' आप्पांनी काठी जमिनीवर आपटली. पुन्हा. 'वाणी.' आता आप्पांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी ओठ मिटले, गाल फुगवले, जसं त्या ताई त्यांना पुन्हा पुन्हा करायला सांगायच्या आणि ते मुळीच करायचे नाहीत, आणि फाडकन उघडले.

'पाणी.'

आप्पा खुर्चीत मागे रेलले. समोरचा पेला उचलून त्यांनी तो एका दमात संपवला.

त्या यंत्राला दयामाया नव्हती, हीच त्यातली गोम. ते "हो हो" म्हणत नव्हतं. वाक्य पुरं करत नव्हतं. तोंडाकडे कीव करून बघत नव्हतं. ऐकू आलं ते लिहून गप्प बसायचं, आणि पुढच्या शब्दाची वाट बघायचं. आप्पांना आयुष्यभर भांडायला समोर कोणीतरी खमका लागायचा, तो आता मिळाला.

त्यानंतर मोजपट्टी ऑफिसातून आले की कंपनीचं यंत्र त्यांच्या हाती लागेना. बायकोने सकाळी बोट लावून उघडून द्यायचं आणि आप्पांनी समोर बसायचं. "चष्मा दे" म्हटलं की यंत्र 'तमाशा दे' लिहायचं. "औषध नको"चं 'हौस नको' व्हायचं. "पंखा बंद कर" हे मात्र रोज 'शंका बंद कर' असंच उमटायचं आणि आप्पा चवताळायचे. बायको मशीनवर शिवता शिवता हसायची, आणि आप्पा तिच्याकडे रागाने बघून पुन्हा सुरू करायचे. अहवालाच्या मधोमध ही सगळी वाक्यं असायची.

"आप्पा, हे कंपनीचं यंत्र आहे," मोजपट्टी एकदा धीर करून म्हणाले. "मला कामगिरी तपासायचीय."

आप्पांनी हात वर केला. बसस्थानकावर निघालेली गाडी ते असाच हात करून थांबवत असणार. मोजपट्टी थांबले.

आणि मग ऑफिसात ते घडलं. मोजपट्टी पाणी प्यायला गेले होते. पलीकडे केबलवाला कोणाशी तरी बोलत होता. "मॅडमनी मोजपट्टीकाकांनाच का दिला माहितीये? म्हणाल्या, त्यांना जमलं तर कंपनीत कोणालाही जमेल."

हसण्याचा आवाज आला. वाईट नव्हता तो, म्हणजे दुष्ट नव्हता. पण मोजपट्टींचा पेला हातात तसाच राहिला. घरी येईपर्यंत तो 'तुम्हीच'मधला 'च' त्यांना रस्ताभर टोचत होता.

घरी आल्यावर ते कपडेही न बदलता खुर्चीत बसले. "उद्या ते यंत्र परत करतो," ते म्हणाले.

"का?" बायकोने मशीन थांबवलं.

"मी नजर आहे म्हणून निवडलेला नाहीये. मी मठ्ठ आहे म्हणून निवडलाय. सगळ्यात खालची पायरी. मला जमलं तर कोणालाही जमेल, असं म्हणाल्या त्या. शिडीची सगळ्यात खालची पायरी!"

बायको उठून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. आप्पा लॅपटॉपसमोर बसले होते, मायक्रोफोन चालूच होता. त्यांनी मुलाकडे निरखून पाहिलं. मग ओठ मिटले, श्वास घेतला आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत काहीतरी म्हणाले. मोजपट्टींना शेवटचे दोन शब्द तेवढे ऐकू आले. त्यांनी उठून स्क्रीनसमोर वाकून पाहिलं.

'तू शेवटचा तर मी कोण.'

यंत्राने प्रश्नचिन्ह दिलं नव्हतं, एवढंच. बाकी पुरं वाक्य, पहिल्या दमात, एकही शब्द न चुकता.

"अगं," मोजपट्टी म्हणाले. "अगं, हे बघ." आणि ती बघायला वाकली, तिघांची डोकी त्या अरुंद स्क्रीनसमोर एकमेकांवर आपटली. मोजपट्टी आपल्या अपमानाबद्दल पुढे काही बोलणार होते, ते राहूनच गेलं.

त्यांनी तेव्हाच अहवाल पुरा करायला घेतला. मायक्रोफोन चालू. बोलता बोलता दार वाजलं, मॅनेजरसाहेब आले, चहा झाला, मॅनेजरसाहेब बसले, मग एकदाचे उठले. मोजपट्टींनी स्क्रीन पुन्हा जागी केली, खालचं शेवटचं वाक्य ठीकठाक दिसलं, आणि त्यांनी अहवाल मॅडमना धाडून दिला.

सकाळी मॅडमचं बोलावणं आलं. आज पाय जड झाले नाहीत. अपमान झालेल्या माणसाला तेवढी सूट असते.

मॅडमच्या हातात कागद होते. "तुमचा अहवाल मी पूर्ण वाचला," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवू?" आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'बिजागरी भक्कम असून झाकण एका हाताने उघडते. अहो दारात कोण आहे बघा. मी बघू की लिहू. बघा आणि मग लिहा. मॅनेजरसाहेब असतील तर आम्ही झोपलोय म्हणून सांगा. या या मॅनेजरसाहेब बसा. वजन माफक आहे. तुमचं नाही हो यंत्राचं. त्या मॅडमना वाटतं मला काही कळत नाही. तुम्हाला कळत नाही हे खरंच आहे पण तुम्ही सोडत नाही हेही खरं आहे. शंका बंद कर. काय आप्पा. शंका. शंका. पंखा. पंखा बंद कर. झालं बाई एकदाचं. बॅटरी दिवसभर टिकते.'"

मोजपट्टींना जमीन दुभंगावी असं वाटलं, पण खाली पक्की बसवलेली फरशी होती.

"हे 'शंका' काय आहे?" मॅडमनी विचारलं.

मग मोजपट्टींनी सांगितलं. आधी यंत्राबद्दल म्हणून सांगायला लागले आणि आप्पांबद्दल सांगत सुटले. बसस्थानक, झटका, ती शाल, 'राणी दे', काठी आपटणं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की या बाईंशी आपण इतकं कधी बोललोच नव्हतो. आपण त्यांना फक्त मापं सांगत आलो.

मॅडमनी हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "त्यांना जमलं तर कोणालाही जमेल, असं मी म्हटलं होतं. खरं आहे ते. आपले विक्रीचे निम्मे लोक लॅपटॉपला तुमच्याइतकेच घाबरतात. पण घाबरूनही शेवटपर्यंत बघत राहील असा माणूस मला दुसरा आठवला नाही. हे तेव्हा म्हणायला हवं होतं, ते राहिलं."

"ठीक आहे," मोजपट्टी म्हणाले. आणि टेबलावरचे कागद त्यांनी कडेला कड लावून सरळ केले.

"आणि हा अहवाल असा चालणार नाही. पुन्हा लिहा. त्यात मला तुमच्या घरचे मॅनेजरसाहेब नकोत." मग कागद परत करताना त्या म्हणाल्या, "मायक्रोफोनचा भाग मात्र नीट, सविस्तर लिहा."

मोजपट्टींनी नीट लिहिलं. खाजगी स्क्रीन विक्रीच्या लोकांना नको, कारण ग्राहकाला काहीच दिसणार नाही. ठशाचं कुलूप घासून गुळगुळीत झालेल्या बोटांना ओळखत नाही. कीबोर्ड शिंतोडे सोसतो, तांब्या सोसत नाही. मायक्रोफोन उत्तम. 'यंत्र ऐकलेले शब्द सुधारत नाही, हा दोष न मानता गुण मानावा,' असं वाक्य त्यांनी घातलं, आणि का ते दोन परिच्छेद लिहिलं. लॅपटॉप मागवण्यात आले, मोजपट्टींनी सांगितले तसेच.

नमुना अर्थातच परत जायचा होता. विक्रेत्याचा माणूस घरी आला, यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, 'स'वर दोनतीनदा बोट दाबलं आणि मोजपट्टींकडे असं पाहिलं की मोजपट्टींनी नजर छताकडे वळवली. बायकोने शेवटचं बोट लावून कुलूप उघडून दिलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. माणूस जिना उतरून गेला तरी त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा बोलले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोने वाफाळता चहा ठेवला, त्यांनी तो प्याला. तिने मुद्दाम पंखा जोरात सोडला; त्यांनी शाल ओढून घेतली, पण शब्द काढला नाही. तिने मोजपट्टींना स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "आपण एक विकत घ्यायचा का?"

"बघू," मोजपट्टी म्हणाले आणि बाहेर आले. टेबलावर लॅपटॉपची जागा मोकळी होती. का कोण जाणे, त्यांनी खुर्ची ओढली आणि तिथेच, टेबलाच्या त्या कडेला, आप्पांच्या अगदी समोर जाऊन बसले. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून गुडघ्यांवर ठेवले. आप्पांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी पुटपुटले.

मोजपट्टींची मान सवयीने खाली-वर होणार होती. ती त्यांनी मधेच आवरली.

"आप्पा," ते म्हणाले, "मला 'माकडा' ऐकू आलं."

आप्पांचे डोळे बारीक झाले. मोजपट्टी हलले नाहीत. आप्पा पुन्हा म्हणाले.

"आता 'लाकडा'."

काठी जमिनीवर आपटली. आप्पांनी खालचा ओठ दाताखाली धरला, सोडला, आणि म्हणाले.

"वाकडा?" मोजपट्टी म्हणाले. "वाकडा काय?"

"वाकडा... बसलायस," आप्पा म्हणाले. "सरळ... बस."

पन्नाशी उलटलेले मोजपट्टी सरळ बसले. त्यांचे डोळे का भरून आले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. लहानपणी हे वाक्य ऐकलं की त्यांना नुसता राग यायचा. आप्पांनी समाधानाने मान हलवली. मग पुढे वाकून त्यांनी आणखी काही सुरू केलं. या खेपेला लांबलचक, श्वास घेत घेत, हाताने हवेत काहीतरी दाखवत, मधेच स्वतःशीच हसत. खूप दिवसांचं साठलेलं असावं.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "काय म्हणताहेत हो आप्पा?"

मोजपट्टींनी खुर्ची आणखी पुढे ओढली, इतकी की त्यांचे गुडघे आप्पांच्या गुडघ्यांना टेकले.

"अजून कळलं नाही," ते म्हणाले. "तू पण ये, ऐक."